दिरहमचा खरा भाव

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला आपल्या वस्तीत पहिला प्रश्न विचारला जातो तो, "काय काय पाहिलंत?" आणि दुसरा, "काय काय आणलंत?" ज्याला भेटायला गेलो तो माणूस कसा आहे, हा प्रश्न फार तर तिसरा-चौथा असतो, कित्येकदा तो विचारायचा राहूनच जातो. आम्ही उभयता 2024 च्या जानेवारीत नऊ दिवस दुबई आणि शारजाला जाऊन आलो, तेव्हा हा अनुभव पदोपदी आला. पतपेढीचे हप्ते फेडणाऱ्या एका लिपिकाला परदेशवारी परवडली कशी, याचेही अनेकांना कुतूहल होते. खर्चाचा हिशेब तर आम्ही पैन् पैचा देऊ. परंतु वाचकहो, त्या हिशेबाच्या पलीकडचा एक हिशेब आम्हाला तिथे शिकायला मिळाला. तो सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आमच्या सौ.चा मधला भाऊ, म्हणजे आमचा मेव्हणा, खेड तालुक्यातला. आयटीआय केलेला. मोठमोठ्या इमारतींमध्ये थंड हवेसाठी पत्र्याचे जे डक्ट बसवितात, ते काम तो करतो. 2021 च्या फेब्रुवारीत तो दुबईला गेला. एजंटाने 85 हजार रुपये घेतले. वास्तविक नोंदणीकृत एजंटाला 30 हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी याहून अधिक घेता येत नाही, असा आपल्या सरकारचा नियम आहे. पण गरजवंताला नियम कोण सांगणार? व्याजाने काढलेले ते पैसे फेडायला त्याला चौदा महिने लागले. पुढे घरी नियमित पैसे येऊ लागले. गावच्या घरावर पत्रे गेले आणि स्लॅब आला. सासूबाईंची साखरेची औषधे, धाकट्याचे कॉलेज, सारे त्याच्यावरच. फोनवर मात्र त्याचे एकच उत्तर ठरलेले. "मस्त चाललंय, ताई. इथं काही टेन्शन नाही."

तीन वर्षे तो घरी आला नाही. कंपनी दोन वर्षांनी जाण्यायेण्याचे तिकीट देते, तेही त्याने न वापरता त्याचे पैसे घेऊन घरी पाठविले. धाकट्याचे लग्न मे महिन्यात ठरले, तेव्हा त्याने कळविले, "पैसे पाठवतो. मी येत नाही, उगाच खर्च होईल." हे ऐकून सौ. म्हणाल्या, "तो येत नाही तर आपण जाऊ या. एकदा डोळ्यांनी बघून येते, मग माझं समाधान होईल."

सौ.च्या बचत गटाची रक्कम आणि आमची भिशी मिळून पाऊण लाखाची तजवीज झाली. त्याबाहेर जायचे नाही, असे ठरवूनच कामाला लागलो. दोन पासपोर्टांचे 3,000 रुपये. शाळांच्या सुट्ट्यांचे दिवस टाळून, दोन महिने आधी काढलेल्या तिकिटांचे दोघांचे 37,000. तीस दिवसांचा व्हिसा आणि विमा मिळून 14,500. तिथे खर्चायला 900 दिरहम. त्या वेळी एका दिरहमला आपले साडेबावीस रुपयांहून थोडे अधिक पडत होते, म्हणून त्याचे सुमारे 20,400. एकूण बेरीज 74,900. आम्ही बी.कॉम. झालेली माणसे, ताळेबंद जुळल्याखेरीज झोप येत नाही. हा जुळला.

सामान बांधण्याबाबत दोन गोष्टी सांगून ठेवतो, कुणाच्या तरी उपयोगी पडतील. तिथे खसखस नेण्यास बंदी आहे. आपण ज्या गोष्टीची खीर करतो, ती त्यांच्या कायद्यात अमली पदार्थांत मोडते. आपल्या घरगुती मसाल्यात बहुधा खसखस असतेच. म्हणून सौ.नी मसाला वेगळा कुटून घेतला. दुसरे म्हणजे सुक्या खोबऱ्याची वाटी. तिच्यात तेल असल्याने पेट घेण्याचा धोका असतो, म्हणून ती विमानात नेऊ देत नाहीत. बाकी कुळथाचे पीठ, नाचणीचे पापड आणि लोणचे नीट बांधून नेले. गोळ्या-औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवावीत, कारण काही वेदनाशामक गोळ्यांनाही तिथे आगाऊ परवानगी लागते.

मेव्हणा कंपनीच्या कॅम्पात राहतो, तिथे पाहुण्यांची सोय नाही. त्यामुळे उतरलो ते आमच्या चाळीतल्या जुन्या मित्राकडे, शारजाच्या रोला भागात. तो एका गोदामात स्टोअरकीपर आहे. तो, वहिनी आणि आठ वर्षांची मुलगी असे एका खोलीत राहतात. कोपऱ्यात स्वयंपाकाचा ओटा आणि मधोमध पडदा. स्वस्तातला प्रवास म्हणजे पुष्कळदा दुसऱ्याच्या जिवावरचा प्रवास असतो. हॉटेलचे वाचलेले पैसे कुणाच्या तरी झोपेतून, कुणाच्या तरी किराण्यातून वाचलेले असतात. म्हणून निघण्यापूर्वीच आम्ही मित्राला फोनवर सांगितले, "तू रजा काढायची नाहीस, आम्हाला न्यायला-आणायला टॅक्सी करायची नाहीस आणि किराणा आम्ही भरणार." तो रागावला. "पाहुण्याकडून कुणी किराणा घेतं का?" वहिनींनी तोड काढली. "भावोजी, किराणा तुम्ही भरा, पण भाकरी मी थापीन." दुसऱ्या दिवसापासून भाकऱ्या सौ. आणि वहिनी आळीपाळीने थापू लागल्या, तो भाग निराळा. मुलीसाठी बालभारतीचे तिसरीचे मराठीचे पुस्तक नेले होते. रोज रात्री ती आम्हाला एक धडा वाचून दाखवी आणि अडलेल्या शब्दावर बोट ठेवून बसे. इतकी स्वस्त आणि इतकी मोलाची भेट दुसरी नसेल.

रोला म्हणजे वड. त्या चौकात पूर्वी मोठा वड होता, तो 1978 साली वठला. तिथे आता बाग आणि स्मारक आहे. संध्याकाळी त्या बागेत केरळचे, बिहारचे, नेपाळचे, बांगलादेशचे कामगार हिरवळीवर बसून घरी फोन लावतात. आमच्या पिढीला शारजा माहीत ते क्रिकेटमुळे. 1998 च्या एप्रिलमध्ये वाळूच्या वादळानंतर सचिनने काढलेल्या धावा आमच्या चाळीने एका टीव्हीसमोर गर्दी करून पाहिल्या होत्या. ज्या गावाला आपण मैदान समजत होतो, ते प्रत्यक्षात राबणाऱ्या माणसांचे गाव आहे, हे त्या बागेत बसल्यावर कळले.

मेव्हण्याला सुटी फक्त रविवारी. मधले दिवस आम्ही दोघेच दुबई हिंडलो. शारजाहून दुबईला बस जाते, मात्र सकाळ-संध्याकाळच्या वाहतुकीत ती मुंगीच्या पावलांनी चालते. दुबईतली मेट्रो 2009 च्या सप्टेंबरात सुरू झाली, तिला चालकच नाही. 25 दिरहमला नोल कार्ड मिळते. त्यातले 19 दिरहम प्रवासाला वापरता येतात. आम्ही गेलो तेव्हा एका विभागात 3, दोन विभागांत 5 आणि त्याहून लांब साडेसात दिरहम असा दर होता. डब्यात खाणे-पिणे केल्यास 100 दिरहम दंड. सौ.नी पिशवीतला चिवडा पिशवीतच ठेवला.

खाडीच्या एका काठाला देरा आणि दुसऱ्या काठाला बर दुबई. मधे लाकडी होड्या चालतात, त्यांना अब्रा म्हणतात. भाडे एक दिरहम. होडीतून पलीकडे गेले की कापडबाजार लागतो. पुढे अल फहिदीचा 1787 सालचा किल्ला आणि त्याला लागून जुनी मातकट घरे. त्या घरांवर उंच चौकोनी मनोरे आहेत. वरून येणारा वारा पकडून खाली खोलीत सोडणारे. वीज नव्हती तेव्हाची ही थंड हवेची सोय. सौ. त्याकडे पाहत म्हणाल्या, "म्हणजे माझ्या भावाचंच काम की हे!" ती गल्ली पाहायला पैसे पडत नाहीत.

काठावर अजून लाकडी गलबते माल भरत उभी असतात. फ्रीज, टायर, कांद्याची पोती. एके काळी इथले मोती अशाच गलबतांतून मुंबईच्या बाजारात येत. इतकेच नव्हे, तर तिथे आपला रुपयाच चाले. 1959 साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा रुपया काढला. 1966 साली आपल्या रुपयाचे अवमूल्यन झाले, तेव्हा त्यांनी तो सोडला. दिरहम आला 1973 साली. एके काळी ज्यांच्या खिशात आपला रुपया होता, त्यांच्या नाण्यासाठी आज आपली मुले घर सोडून जातात, हा काळाचा फेरा हिशेबाच्या माणसाला अस्वस्थ करणारा आहे.

रविवारी मेव्हणा भेटला. इस्त्रीचा शर्ट, नवे बूट, हातात बिर्याणीची पिशवी. "जयभीम दाजी!" म्हणून वाकला आणि ताईच्या गळ्यात पडला. तीन वर्षांत तो वाळला होता, चेहरा रापला होता. त्याने आम्हाला बुर्ज खलिफाला नेले. 828 मीटर उंचीची ती इमारत 2010 साली उघडली. खालून पाहायला पैसे नाहीत, संध्याकाळचे कारंजेही फुकट. वर जायचे तिकीट काढतो म्हणून तो हटून बसला, आम्ही नको म्हटले. तेव्हा हसून म्हणाला, "दाजी, मी अशा टॉवरांच्या चाळिसाव्या-पन्नासाव्या मजल्यावर रोज जातो. मला तर वर जायचे पैसे मिळतात."

मेट्रोतून परतताना तो खिडकीला नाक लावून बोटाने दाखवू लागला. "ताई, ती निळ्या काचेची बघ. तिच्यात बाराव्या मजल्यापासून वर सगळं आमच्या टीमनं टाकलंय. ती पलीकडची, तिथं आठ महिने होतो." सौ.नी विचारले, "मग आत एकदा दाखव ना." तो सहज म्हणाला, "काम संपलं की गेट पास जमा करतात, ताई. नंतर आपल्याला कोण आत सोडणार?" यावर काय बोलावे ते आम्हाला सुचेना. त्या शहरातल्या कुठल्याही मार्गदर्शकाने दाखविले नसते ते शहर आम्ही त्या दहा मिनिटांत पाहिले.

त्याची खोली पाहायची असे सौ.च्या मनात होते. तो टाळत होता. बुधवारी संध्याकाळी आम्हीच हिरव्या मार्गाच्या एका टोकाला उतरून पुढे बसने तिथे गेलो. त्या भागाला आपले लोक सोनापूर म्हणतात. मुंबईत सोनापूर म्हटले की स्मशान आठवते. नाव ऐकून सौ.च्या छातीत धस्स झाले. वस्तुतः ती कामगारांच्या राहण्याच्या इमारतींची मोठी वसाहत आहे. रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या ओळीने येत होत्या आणि एकाच रंगाच्या कपड्यांतली माणसे डबे हातात घेऊन उतरत होती. फाटकावरच्या पहारेकऱ्याने सांगितले, बाईमाणसाला आत जाता येणार नाही. सौ. बाहेर बाकावर बसल्या, आम्ही एकटेच आत गेलो.

एका खोलीत तीन दुमजली लोखंडी खाटा, सहा माणसे. दोन नेपाळचे, एक गोरखपूरचा, दोन तेलंगणाचे आणि हा. ज्याच्या त्याच्या खाटेला चादरीचा पडदा. तेवढीच प्रत्येकाची खासगी जागा. खोली झाडलेली-पुसलेली, एसी चालू. आम्हाला बसायला जागा करून देण्यासाठी दोघे जण उठून दाराबाहेर उभे राहिले. एकाने चहा आणला. मेव्हण्याच्या खाटेच्या वरच्या बाजूला सासूबाईंचा फोटो आणि बाबासाहेबांचे चित्र चिकटवलेले. खाटेखाली एक सुटकेस, ती अर्धी भरलेली होती. साबण, विजेऱ्या, एक ब्लँकेट, लहान मुलाचे बूट. घरी न येणारा माणूस तीन वर्षे घरी न्यायचे सामान भरत होता.

पहाटे साडेतीनला उठायचे. चुलीसाठी रांग, आंघोळीसाठी रांग. पाचला बस. उन्हाळ्यात, दरवर्षी 15 जून ते 15 सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर उन्हात काम करवून घ्यायला तिथल्या सरकारची बंदी आहे, तेवढा आधार. पगार बँकेतून द्यावा लागतो, म्हणून तो बुडत नाही. त्याची तक्रार कशाबद्दलच नव्हती. तक्रार नाही म्हणजे त्रास नाही, असे मात्र आपण समजू नये.

त्याच्याच वहीच्या पानावर आम्ही आकडे मांडले. मूळ पगार 1,200 दिरहम. दिवसाचे झाले 40, तासाचे 5. जादा कामाचे धरून महिन्याला 1,700 मिळतात. त्यातले 1,100 घरी. उरलेल्या 600 मध्ये जेवण, फोन, दाढी, साबण आणि कुणी मित्र अडला तर त्याला उसने. तेव्हा बँक सांगत होती, दिरहमचा भाव साडेबावीस रुपये. पण त्या खाटेवर बसून आम्हाला जो भाव कळला तो असा की, एक दिरहम म्हणजे माझ्या माणसाची बारा मिनिटे. त्यानंतर आम्ही अब्रात बसलो तरी मनात येई, ही बारा मिनिटे. मेट्रोचे पाच दिरहम हा एक तास. बुर्ज खलिफाचे तिकीट म्हणजे चार दिवसांहून अधिक.

निघताना तो हळूच म्हणाला, "दाजी, खोलीचं ताईला सांगू नका. आईला तर मुळीच नको. तिला वाटतं मी हॉटेलसारख्या ठिकाणी राहतो." आम्ही म्हणालो, "खोलीचं सांगणार नाही. पण तासाचे पाच दिरहम, हा हिशेब सांगू. तो लपवण्यासारखा नाही, तो अभिमानाचा आहे." थोडा वेळ थांबून तो म्हणाला, "तेवढं सांगा." बाहेर आल्यावर सौ.नी काहीच विचारले नाही. भावाच्या हाताकडे पाहत राहिल्या. पत्र्याने कापल्याचे जुने-नवे वण त्या हातांवर होते. सांगायचे ते त्या हातांनी सांगितले होते.

परतल्यावर आठवड्याने गावी गेलो. घरात लग्नाची बोलणी चालली होती. धाकट्याच्या मित्रांनी डीजे ठरवत आणला होता, 60 हजारांचा. तालुक्याच्या गावी हॉल पाहून ठेवला होता. "दादा पाठवतोय ना," हे वाक्य अर्ध्या तासात चार वेळा कानावर आले. आम्ही कुणाला उपदेश केला नाही. सासूबाईंना वही दाखविली आणि दिवसाचे 40 दिरहम म्हणजे किती, एवढेच समजावून सांगितले. बाई अक्षरशत्रू, परंतु जन्मभर दुसऱ्याच्या शेतात मजुरी केलेली. रोजाचा हिशेब त्यांना आमच्याहून चांगला कळतो. त्यांनी विचारले, "म्हंजी त्यो डीजे पोराचं किती दिस?"

आम्ही सांगितले, "सहासष्ट दिवस."

कुणीच काही बोलेना. धाकटा मान खाली घालून बसला होता. मग तोच उठला, फोन लावला आणि डीजे नको म्हणून सांगून टाकले. सासूबाई म्हणाल्या, "त्या पैशात माज्या पोराला बोलवा. लग्नात नाच नसला तरी चालंल, भाऊ पायजे."

मे 2024 मध्ये गावच्या विहारात साधेपणाने लग्न लागले. हॉल नाही, डीजे नाही. मेव्हणा महिनाभराची रजा घेऊन आला होता. ती अर्धी भरलेली सुटकेस पूर्ण भरून आली. पंगतीत तो स्वतः वाढत होता आणि सासूबाई जेवायचे सोडून त्याच्याकडे पाहत होत्या.

वाचकहो, आपल्या कितीतरी घरांतली मुले आज दुबई, कतार, मस्कत, सौदीत राबत आहेत. सर्वांनाच तिथे जाणे जमेल असे नाही. ज्यांना जमेल त्यांनी मॉल आणि मनोरे जरूर पाहावेत. पण आपला माणूस कुठे निजतो, किती वाजता उठतो, तासाला काय मिळवतो, हे आधी पाहावे. ज्याच्याकडे उतराल त्याच्यावर भार न घालता उतरावे. ज्यांना जाणे शक्य नाही त्यांनी फोनवर "पैसे कधी पाठवतोस?" या प्रश्नाआधी "आज किती वाजता उठलास? काय जेवलास?" एवढे विचारावे. आणि घरी आलेली रक्कम खर्च करण्यापूर्वी रुपयांत मोजून झाली की एकदा दिवसांत मोजून पाहावी. आमच्या सासूबाई अजून तशीच मोजतात. परवा कुणीतरी नव्या मोठ्या टीव्हीची गोष्ट काढली, तर त्यांनी किंमतही विचारली नाही. त्यांनी विचारले, "किती दिस?"